पुलापलीकडचं बोलणं

डोळ्यांनी दगा दिला आणि मामांचं गाडी चालवणं सुटलं. उभा जन्म ट्रकच्या केबिनमध्ये काढलेला माणूस घरी आला आणि खिडकीशी खुर्ची टाकून बसला. बोलणं म्हणाल तर 'चहा', 'हं' आणि 'ठेव तिथं', एवढंच. मामी समोर शिवणयंत्रावर बसून लोकांचे कपडे शिवायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याचं तोंड असं दिवसभर तिनं कधी पाहिलं नव्हतं. आता पाहायला मिळालं, तर त्या तोंडातून शब्द फुटेना.

तो ट्रक आता भाचा चालवायचा, म्हणजे मामीच्या नणंदेचा मुलगा. 'मामा-मामी' हाक त्याची, पण ती उचलली सगळ्या गल्लीनं. एका दुपारी तो एक काळा डबा घेऊन आला. ड्रायव्हर लोक वाटेत एकमेकांशी बोलतात, तो सीबी रेडिओ.

"गाडीत नवा बसवला. हा मामांचा. टाकवेना." मग तो मामीकडे वळला. "मामांना लाइनवर काय म्हणतात, ठाऊक आहे? गप्पीदास!"

मामीची कात्री कापडातच थांबली. "कोण? हे?"

"मग! गाडी सुरू झाली की मामा सुरू. ते बोलायला लागले की कुणाला झोप लागायची नाही."

मामा खिडकीबाहेर बघत होते. कान मात्र लाल झाले होते.

भाचा गेल्यावर मामीनं कात्री पुन्हा चालवली. तिला हसू येत होतं आणि आतून काहीतरी टोचतही होतं. म्हणजे सगळं बोलणं रस्त्यावर सांडून यायचं आणि घरी रिकामं भांडं आणायचं! शेवटी तिनं विचारलं, "अहो, हा डबा घरी लावता येतो का?"

"अँटेना लागेल. गच्चीवर. उंच."

"मग करू या की."

मामांनी मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं. कधी नव्हे ते.

पडद्यांच्या जुन्या अॅल्युमिनियमच्या नळ्या माळ्यावर पडून होत्या. एकात एक सरकतील अशा त्यांनी निवडल्या. ही मधली उभी काडी. तिच्या बुडाशी, तिला टेकणार नाहीत अशा, चार तारा छत्रीच्या काड्यांसारख्या खाली उतरत्या बांधायच्या आणि तिथून जाड केबल खिडकीतून आत घ्यायची. मामांना बारीक दिसत नव्हतं, म्हणून ते बोटांनी चाचपून सांगायचे आणि मामी स्क्रू पिळायची. माप तिनं आपल्या टेपनंच घेतलं.

"थोडी जास्तच ठेव," मामा म्हणाले. "कमी पडली तर पंचाईत. जास्त असली तर आत सरकवता येते."

"मला शिकवता होय? कापड कापताना आम्ही दुसरं काय करतो?"

शेजारीण जिन्यात उभी राहून बघत होती. "कपडे वाळत घालायला एवढं उंच?"

"ढगांवर टाकणार आहे," मामी म्हणाली, "लवकर वाळतात."

यावर मामा खो-खो हसले. हे हसू मामीनं घरात ऐकलेलं नव्हतं. एखाद्या परक्या माणसाचं हसू कानावर यावं, तशी ती दचकली.

रविवारी भाच्याच्या मदतीनं, टोकाला ती नळी बांधलेला बांबू गच्चीवर उभा राहिला. लहरी बाहेर जातात की वाटेवरून माघारी फिरतात, हे सांगणारा छोटा मीटर भाच्यानं आणला होता. पहिल्या खेपेला काटा नको तिकडे पळाला. मामीनं बांबू आडवा करायला लावला, नळी बोटभर आत सरकवली, पुन्हा उभा केला, पुन्हा आडवा. गिऱ्हाइकाला झंपर घालून बघावा, तिथं चिमटावा, इथं सोडावा, तसं चाललं होतं. ऊन कलायला लागलं तेव्हा काटा शहाण्यासारखा खाली येऊन बसला.

"बसला फिटिंगला," मामी म्हणाली.

आता कुणाशी तरी बोलून बघायला हवं होतं. मामा भाच्याबरोबर कोपऱ्यावरच्या ट्रकमध्ये जाऊन बसले. मामी घरात, माइक मुठीत धरून. डब्यातून वाळू चाळल्यासारखा आवाज येत होता, आणि मग त्यातून स्वच्छ, मोकळा, तरणा म्हणावा असा आवाज आला.

"घर, घर, गप्पीदास बोलतोय. येतंय का कानावर?"

मामीनं बटण दाबलं आणि सुटली. येतंय, छान येतंय, तुम्ही कुठं आहात, जेवायच्या आत या, सगळं एका दमात. उत्तर येईना. भाचा ट्रकमधून उतरून धावत आला आणि खिडकीखालून ओरडला, "मामी, बटण सोडा! सोडल्याशिवाय त्यांना बोलता येत नाही!"

तिनं बटण सोडलं. डब्यातून मामांचं हसू आलं. "हेच तर घरी होतं."

"मग मेलं आधी सांगायचं नाही?" मामी म्हणाली, आणि आठवणीनं बटण सोडून गप्प बसली.

भाच्याला पुलापलीकडच्या गोदामात माल टाकून परत यायचं होतं. मामा म्हणाले, मी बसतो गाडीत, कुठवर ऐकू येतं बघू. ट्रक निघाला. मामा बोलू लागले. नीट दिसत नसलं तरी त्यांना रस्ता पाठ होता. आता पाण्याची टाकी आली असेल, म्हणाले. आता झाडांची कमान. इथं एकदा पहाटे धुकं असं उतरलं होतं की पुढचा ट्रक पाण्याखाली चालल्यासारखा दिसत होता, आणि मी त्याच्या दिव्यांच्या मागं नुसता पोहत गेलो होतो. मामीनं डोळे मिटले. खोलीत तिन्हीसांजेचा उजेड पिवळा होऊन पसरला होता. तिला वाटलं, आपलंच घर हळूच जागचं हललंय आणि त्या कमानीखालून चाललंय. मध्येच कुणी अनोळखी माणूस, कुठल्या तरी अनोळखी भाषेत, समुद्राच्या तळातून यावा तसा दोन शब्द बोलून गेला. मग पुन्हा मामा. आवाज बारीक होत चालला.

"पूल आला," ते म्हणाले. "याच्यापुढं..."

पुढं नुसती वाळू. मामी डब्याला कान लावून बसली, पण काही उमगेना. एकदा 'पाणी' ऐकू आल्यासारखं झालं, तेही खरं की भास, कोण जाणे.

मामा परतले तेव्हा अंधारून येत होतं. मामीनं दिवाही लावला नव्हता.

"पुलापलीकडं काय म्हणालात?"

"काही नाही." मामा खुर्चीत बसले. नेहमीसारखे गप्प होतील, असं तिला वाटलं. पण ते सावकाश बोलू लागले. "पुलापलीकडं मोठं तळं आहे. रस्ता खाली उतरतो, तिथं रेडिओ कुणालाच ऐकू येत नाही. मी दर खेपेला तिथं गाडी उभी करायचो."

"कशाला?"

"बोलायला."

"कुणाशी? ऐकूच जात नाही म्हणता ना?"

"म्हणून तर. सगळ्या लाइनसमोर बायकोशी कसं बोलणार? आणि घरी यायचो तर तू कामात. तोंड उघडायला जायचो अन् लाज वाटायची." ते अडखळले. "तिथं माइक धरून तुला विचारायचो. आजही विचारलं, भाच्याला जरा खाली उतरवून."

"काय विचारायचात?"

"हेच. पाणी आलं होतं का. डोकं दुखायचं थांबलं का. पाठीला उशी घेऊन शिवतेस की तशीच वाकतेस."

मामी उठली नाही. अंधारात तिनं हात पुढं केला, तो मामांच्या गुडघ्यावर पडला.

"पाणी आलं होतं," ती म्हणाली. "डोकं अजून दुखतं अधूनमधून. उशी नाही घेत." आणि जरा थांबून म्हणाली, "आणखी काय विचारायचात? पहिल्यापासून सांगा."

मामांनी घसा खाकरला आणि पहिल्या खेपेपासून सांगायला घेतलं.