गाढवाच्या कानी

मार्दोनं पापडखाराचं पोतं गाढवाच्या पाठीवर लोटलं, तोच वाटेच्या खालच्या वळणावर कोणीतरी खाकरलं. तिनं ओढणी तोंडावर ओढली आणि विवराच्या कड्याकडे तोंड करून उभी राहिली. असं खाकरत येणारा जावयाशिवाय दुसरा कोण! सासूनं जावयाचं तोंड बघायचं नाही, जावयानं सासूशी बोलायचं नाही. कूसीच्या डोंगरावर हे शेळ्यांनाही ठाऊक.

जावई, वार्दुगू, खडकाआड बसला.

"गाढवा," तो म्हणाला, "तुझ्या मालकिणीला सांग, मी झेनेबाला घरी न्यायला आलोय."

"गाढवा, त्याला विचार, बायको अडली तेव्हा कुठं होता?" मार्दो कड्याशीच बोलली. "पोरगी इथं, या खळग्यात बाळंत झाली. तिसऱ्या दिवशी लेकरू मातीत ठेवलं. तेव्हापासून पोरगी माझ्याकडेच आहे, माझ्याकडेच राहील. बाप कुठं होता?"

"तांड्याबरोबर."

"ऐकलंस, गाढवा? उंटांच्या शेपट्या धरून हिंडत होता. तुला याच्याहून अक्कल बरी."

गाढवानं कान झाडले. खाली विवराच्या तळाशी खार पांढराशुभ्र पसरला होता, आभाळातलं दूध सांडून वाळावं तसा.

खडकाआड खडी करकरली. मग आवाज आला, बसका.

"गाढवा, नेण्याचं राहू दे. लेकरू कुठं ठेवलंय, तेवढं दाखव म्हणावं. सकाळपासून शोधतोय. इथं दगडांचे सगळेच ढीग सारखे."

मार्दोचा हात दोरीवर थांबला. सकाळपासून तळाशी एक माणूस वाकून वाकून फिरताना तिला दिसला होता. हरवलेली शेळी हुडकत असेल कोणी, असं तिला वाटलं होतं.

तिनं गाढव वळवलं. घरच्या वाटेनं नव्हे. मागं पावलं येत राहिली, अंतर राखून. एका खुरट्या बाभळीखाली, टीचभर ढिगापाशी ती क्षणभर थांबली आणि चार पावलं पुढं सरकली.

मागं कोणीतरी खडीवर गुडघे टेकले. तिनं वळून पाहिलं नाही.

बऱ्याच वेळानं ती गाढवाच्या कानाशी वाकली, पण बोलली खणखणीत.

"उद्या माझे गुडघे दुखणारेत, गाढवा. खार खणायला झेनेबालाच यावं लागेल. एकटीला."

आणि गाढवाला पुढं घालून ती कडा चढू लागली, शेळीसारखी तुरुतुरु.