मामाच्या गोळीचं नाव

डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. चार वर्षांपूर्वी डिचोलीच्या याच दवाखान्यात मी त्याचं उत्तर दिलं होतं.

तेव्हा शेजारी आई होती. "रक्ताच्या नात्यात आणखी कोणाला असा त्रास? कुठलं औषध लागू पडलं होतं?"

"कोणालाच नाही," मी म्हणाले. आई नुसती माझ्याकडे बघत राहिली.

तिचा सख्खा भाऊ, हळर्णचा महादेवमामा, तिशीत नैराश्याने दोन वर्षं अंथरुणाला खिळला होता. मग एका जुन्या गोळीने दीड महिन्यात पुन्हा काजूच्या बागेत बोंडू वेचू लागला. बाहेर आम्ही ती प्रेशरची गोळी म्हणून सांगायचो. त्या महिन्यात माझ्या धाकट्या भावाचं, गौरेशचं, सेजलशी लग्न ठरत होतं आणि डॉक्टर तिच्याच गावचे. बाबा गेल्याचा धक्का म्हणून आईचं निभावलं होतं. मामाचं नाव निघालं असतं तर आजार घराण्यातला ठरला असता.

आईच्या तीन गोळ्या बदलल्या. प्रत्येकीला सहा आठवडे वाट पाहायची. पार्सेच्या घरात ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असे, उशाशी पेज निवत असे. एकदा म्हणाली, "सिद्धी, महादेवाची गोळी दी गो माका."

"दुसऱ्याची गोळी अशी घ्यायची नसते, आई."

मी विज्ञान शिकवते. जनुकांचा धडा त्याच आठवड्यात घेतला होता. बोलले ते खरंच होतं, म्हणून तिने ती पुन्हा मागितली नाही. गोळी द्यायची नव्हतीच. डॉक्टरांना फक्त तिचं नाव सांगायचं होतं.

लग्न झालं. आई मांडवात अर्धा तास बसली. चौथी गोळी सुरू होऊन नऊ दिवस झाले होते, तेव्हा अन्न सुटलेल्या तिच्या अंगात न्यूमोनिया शिरला. ती गेली.

आता त्या खुर्चीत गौरेश आहे. दोन औषधं झाली, फरक नाही.

"आईंना काही लागू पडलं नाही, ते माहीत आहे," डॉक्टर म्हणाले. "आणखी कोणी?"

"नाही," सेजल म्हणाली. "सासूबाईंचंही सासरे गेल्यामुळे झालं."

गौरेशने माझ्याकडे पाहिलं. अगदी आईसारखं.

"आहे," मी म्हणाले. "आमचा मामा. त्याला गोळी लागू पडली होती."

सेजल वळली. "लग्नाआधीपासून माहीत होतं?"

"हो."

"आणि हे तुम्हालाही ठाऊक होतं?" गौरेशने मान खाली घातली.

"जवळच्या नातेवाइकाला लागू पडलेलं औषध कधीकधी चालतं," डॉक्टर म्हणाले. "खात्री नसते. पण मी आधी तेच बघतो."

"मग आईला..." मी विचारलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ते आता कोणालाच सांगता येणार नाही."

मग सेजल म्हणाली, "माझ्याशी नंतर बोला, ताई. बोलावं लागेलच. आधी मामांना फोन लावा."

मामाने डबा शोधला, चष्मा शोधला. स्पीकरवर एकेक अक्षर सांगितलं, आणि विचारलं, "गो बाये, ह्यां इचारूक तुका चार वर्सां लागली?"

डॉक्टर लिहीत होते. नाव अर्ध्या ओळीतच संपलं.