तार अडकते तिथे

विलासने डोळे मिटले आणि वाकड्या टोकाची बारीक तार पुंगळीत सोडली. तार तळाला टेकली, मग आतल्या भिंतीला घासत हळूहळू वर येऊ लागली. मध्येच त्याचा हात क्षणभर अडखळला. मग त्याने डोळे उघडले आणि ती पुंगळी चांगल्यांच्या ट्रेमध्ये ठेवून दिली. सुचित्रा चहाचे कप घेऊन गराजच्या दारात उभी होती, आणि तिने तो अडखळलेला हात पाहिला होता.

रायफलमधून गोळी उडून जाते आणि पितळेची रिकामी पुंगळी मागे उरते. तिच्यात पुन्हा दारू भरायची, तोंडाशी नवी गोळी बसवायची, की काडतूस तयार. ग्लेन वेव्हर्ली या उपनगरातल्या गराजमध्ये विलासचा हा उद्योग तीस वर्षं चालू होता. एक पुंगळी किती वेळा भरावी, यावर रायफल क्लबात दोन माणसांचं एकमत झालेलं सुचित्राने कधी पाहिलं नव्हतं. कोणी पाच म्हणे, कोणी पंधरा. विलास म्हणायचा, आकडा मला विचारू नका, तारेला विचारा. दर वेळी बार उडाला की पितळ थोडं ताणलं जातं, तळाच्या जरा वर भिंत पातळ होत जाते, आणि बाहेरून काही दिसण्याआधी आतून खाच पडते. तार तिथे अडकली की पुंगळीचं आयुष्य संपलं. मग पक्कडीने तिचं तोंड चिमटून टाकायचं, म्हणजे चुकूनही कोणी ती पुन्हा भरायची नाही. तशी पुंगळी रायफलमध्ये फुटली तर पेटलेला वायू उलटा फिरतो आणि नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येतो.

हे सगळं तिला ठाऊक होतं, म्हणूनच तो झोपला असताना तिने ट्रेमधली एक पुंगळी सहज उचलून पाहिली. तार अडकली. दुसरी घेतली, तिच्यातही अडकली. तिने दोन्ही होत्या तिथे परत ठेवल्या.

विलासचा सगळा जन्म बोटांवर गेला होता. आधी पिंपरीच्या टूलरूममध्ये, मग इकडे डँडेनॉन्गच्या कारखान्यात. पत्र्यावर बोट फिरवून तो साच्याची झीज सांगायचा, आणि मागाहून मोजमापाचं गेज लावणाऱ्यांची तोंडं पाहून घरी येऊन रंगवून रंगवून सांगायचा. पण डायबेटिसमुळे आता पाय बधिर होऊ लागले होते. फोनवरच्या डॉक्टरने मुंग्या येतात का विचारलं तेव्हा त्याने जेमतेम हो म्हटलं. गणपतीच्या दिवशी सदऱ्याचं बटण लावायला त्याने तिला हाक मारली होती. सुचित्रा उभं आयुष्य पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलेली बाई. लक्षणं एका ओळीत लावून पाहायची तिची सवय रिटायर झाल्यावरही सुटली नव्हती. तार अडकली तरी त्याला कळत नाही, म्हणजे बोटं गेली, असं तिने मनाशी लिहूनच टाकलं.

लेकीला, मितालीला, तिने सिडनीला फोन केला. मिताली म्हणाली, मम्, जस्ट टेल हिम. सांगायला काय जातंय. पण हे सांगणं म्हणजे त्याच्या हातातून तार काढून घेणं, आणि ती काढून घेतली तर या माणसाजवळ उरणार काय, ते मितालीला कसं कळावं. लॉकडाऊनमध्ये क्लबची नेमबाजीची रेंज बंद होती, पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नव्हतं, आणि ऑगस्टमध्ये त्याचा मित्र श्रीनिवासही वारला होता.

पॉइंट कुकचा श्रीनिवास म्हणजे शनिवार. बायको गेल्यापासून तो शनिवारची वाट पाहतच आठवडा काढायचा. अख्खं शहर ओलांडून भल्या सकाळी त्याची गाडी दारात उभी राहायची, आणि हॉर्न न वाजवता तो थेट स्वयंपाकघरात येऊन थालीपिठाचा पहिला तुकडा मोडायचा. रेंजवर दोघं शेजारी शेजारी आडवे पडायचे. सुचित्रा मागे थर्मास घेऊन बसायची आणि फेरी संपली की गवतात उडालेल्या पुंगळ्या वेचायची. इथल्या जूनच्या हिवाळी, बोचऱ्या वाऱ्यात त्या कोमट पुंगळ्या दोन्ही मुठींत धरून ती हात शेकायची. श्रीनिवास कंजूष. प्रत्येक पुंगळी उजेडात धरून म्हणायचा, अजून एकदा चालेल. विलास चिडायचा. वाद चहा संपेपर्यंत चालायचा आणि पुढच्या शनिवारी तिथूनच सुरू व्हायचा. आपण किती सुखात होतो, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर तिघंही हसले असते.

श्रीनिवासचे अंत्यसंस्कार त्यांनी लॅपटॉपवर पाहिले. मोजकी माणसं, लांब लांब खुर्च्या. त्याच्या मुलाने त्याची रायफल कायद्याप्रमाणे शस्त्रांच्या डीलरकडे जमा केली, आणि ती विकलीही गेली. त्यानंतर विलासने त्याचं नाव काढलं नव्हतं. रोज सकाळी गराजमध्ये बसायचा, तेवढंच.

नोव्हेंबरात क्लबचं ईमेल आलं, रेंज उघडतेय. ते वाचून विलासचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला आणि सुचित्राचा जीव टांगणीला लागला. त्या दुपारी तो झोपल्यावर तिने गराजचं दार आतून लावून घेतलं आणि ट्रेमधली एकेक पुंगळी तारेने तपासली. खराब सगळ्या शेवटच्या दोन ओळींत निघाल्या. तार अडकली की पक्कड, तार अडकली की पक्कड. चिमटलेल्या पुंगळ्या तिने रसगुल्ल्याच्या जुन्या डब्यात, आधीच्या टाकाऊ पुंगळ्यांत टाकल्या. दोन ओळींतून एकच काय ती तिला बिनखाचेची वाटली, ती तिने जागेवर राहू दिली. बाकीची भोकं फळीवरच्या खोक्यातल्या चांगल्या पुंगळ्यांनी भरून टाकली. पितळेला काय, सगळ्या सारख्याच दिसतात. त्याला कळणार नाही, तो सुखरूप राहील, आणि त्याचा मानही राहील. बऱ्याच दिवसांनी ती निवांत झोपली.

सकाळी विलास गराजमध्ये गेला. ती चहा घेऊन मागोमाग गेली. त्याने डोळे मिटून शेवटच्या ओळींतली पहिली पुंगळी घेतली, तार सोडली, वर ओढली. हात थांबला नाही. त्याने कपाळाला आठी घातली आणि दुसरी घेतली. मग तिसरी. प्रत्येक पुंगळीगणिक त्याचा चेहरा उतरत गेला.

"ह्या कोणी बदलल्या?" त्याने विचारलं.

खोटं बोलायचं तिच्या मनातही आलं नाही. "मी. त्या सगळ्या खराब होत्या, विलास. आणि तू त्या चांगल्यांत ठेवत होतास."

"खराब होत्या, माहीत आहे मला."

"माहीत होतं?"

"श्रीनिवासच्या होत्या त्या. मार्चमधल्या. साफ करायला आणल्या होत्या, आणि मग सगळं बंद झालं."

तिने कप बाकावर ठेवला आणि त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसली. त्याच्या बोटांना आत्ता, तिच्यासमोर, एकेका पुंगळीतला फरक कळला होता. गेले कित्येक दिवस ती ज्या बोटांसाठी झुरत होती ती शाबूत होती. आणि याचा आनंद व्हायला हवा होता तर तिला रडू येत होतं.

"मग वेगळ्या काढून ठेवायच्या ना. मला सांगायचं तरी."

"वेगळ्या काढल्या असत्या तर त्यांचं काय करायचं ते ठरवावं लागलं असतं." तो ट्रेकडेच पाहत होता. "बार उडाला की पितळ फुगून त्या रायफलच्या आतला आकार घेतं. त्याच्या रायफलमधल्या होत्या त्या, माझ्या रायफलमध्ये नीट बसल्याही नसत्या. ती रायफल आता कुठे असेल कोण जाणे. तिचा आकार तेवढा माझ्याकडे होता."

सुचित्राने रसगुल्ल्याचा डबा त्याच्यापुढे सरकवला. त्याने झाकण उघडून पाहिलं. तोंडं चिमटलेल्या त्या ढिगाऱ्यात याआधीच्या कितीतरी टाकाऊ पुंगळ्या होत्या, आणि त्यातली कोणती कोणाची हे आता कोणालाच सांगता आलं नसतं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने नुसतं झाकण लावलं.

"मला वाटलं तुझी बोटं गेली," ती म्हणाली. "तू तसाच रेंजवर जाशील, आणि ती तुझ्या तोंडावर फुटेल."

विलासने मान हलवली. समजलं अशा अर्थाने, की काहीच इलाज नाही अशा, ते तिला कळलं नाही. हाताला चाळा हवा म्हणून असेल, त्याने पुन्हा तार उचलली आणि ओळ पुढे चालू केली. पुंगळी घ्यायची, तार सोडायची, ओढायची, ठेवायची.

ओळ संपत आली होती. एका पुंगळीत त्याचा हात अडखळला. त्याने तार पुन्हा खाली नेली, पुन्हा वर ओढली, आणि डोळे उघडले. मग त्याने ती पुंगळी तिच्या हातात दिली, तारेचं टोक तिच्या बोटांत ठेवलं आणि तिच्या बोटांवर आपली बोटं धरून ते हळूहळू वर आणलं.

"इथे."

जेमतेम काही लागलं. नखाच्या कडेला लागावं तेवढंच.

"मला ही चांगली वाटली होती, म्हणून राहू दिली," सुचित्रा म्हणाली.

विलासने पुंगळी तिच्या हातून घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली. "त्यालाही दर वेळी चांगलीच वाटायची," तो म्हणाला.