निळ्या मोटारीची पांढरी काच

माझ्या चाकांखालून आजवर एकही रस्ता गेलेला नाही. तरीही, मित्रांनो, मी मोटारच आहे, आणि आता चांगली जुनी झाले आहे. माझी लांबी तुमच्या एका वितीएवढी. खऱ्या मोटारीचे प्रत्येक माप चोवीस पटींनी लहान केले, की मी तयार होते. माझ्या दाराला मूठ आहे, मुठीला कुलपाचे छिद्र आहे आणि ते छिद्र मोहरीहूनही लहान आहे. एवढे ऐकल्यावर तुम्ही मला हातात घ्याल, समोरून पाहाल आणि विचाराल, “अगं, पण तुझी काच अशी पांढरी का?” त्याचीच ही हकीकत आहे.

एका कारखान्यात वितळलेले प्लास्टिक पोलादी साच्यात गेले आणि थिजून बाहेर पडले, तो माझा जन्म. त्या वेळी मी मोटार नव्हते. एकशे बारा तुकडे होते. फांदीला फळे लटकावीत तसे ते तुकडे चौकटींना लटकलेले होते आणि प्रत्येकाशेजारी एक बारीक आकडा उठवलेला होता. मग मी खोक्यात गेले, खोके दुकानाच्या फळीवर गेले आणि तिथेच राहिले. झाकणावरचे माझे चित्र उन्हाने एका बाजूने विटले. गिऱ्हाइके यायची, खोके कानाशी धरून हलवायची, आतली खडखड ऐकून “मोडलेलं दिसतंय” म्हणायची आणि परत ठेवून द्यायची. न मोडताच मोडकी ठरण्याचे दुःख मला तेव्हापासून ठाऊक आहे.

शेवटी मला एका मेकॅनिकने उचलले. त्याच्या बहिणीचा नवरा शाळेची बस चालवत असे. सव्वीस वर्षे तो एकाच शाळेची मुले नेत-आणत होता; मुले त्याला बसकाका म्हणत, म्हणून मीही तसेच म्हणेन. एका सकाळी बसमधून उतरताना काकांचा पाय पायरीवरून सुटला आणि घोटा मोडला. पायरी ओली होती, असे त्यांनी सर्वांना सांगितले. सहा आठवडे प्लास्टर आणि घराबाहेर पाऊल टाकायचे नाही, असा डॉक्टरांचा हुकूम होता. ज्या माणसाने आयुष्यभर दिवसाला साठ किलोमीटर कापले, तो आता पलंग ते मोरी एवढ्याच मार्गावर कुबडी टेकत फिरू लागला. घरातल्यांशी बोलणे कमी झाले आणि खेकसणे वाढले.

“भाऊजी, जन्मभर दुसऱ्याची गाडी चालवलीत,” खोके पुढे करत मेकॅनिक म्हणाला, “आता एक स्वतःची बांधा. हिला पेट्रोल नको, हवा नको.”

“पाय मोडला म्हणून खेळणी आणलीस? मी काय बाळ आहे?”

“खेळणं नाही हो. मोठमोठी माणसं करतात हे. डॉक्टर, वकील, न्यायाधीश.”

“घ्या,” काकू शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाल्या, “आता घरात न्यायाधीश बसणार. आधीच निकाल काय कमी लागतात?”

काका हसले. बऱ्याच दिवसांनी हसले असावेत, कारण काकूंनी यंत्र थांबवून त्यांच्याकडे पाहिले.

काकू घरीच कपडे शिवत. खिडकीजवळच्या त्यांच्या लांब टेबलाचा एक कोपरा मला मिळाला. माझ्यासाठी वेगळी हत्यारे आली नाहीत. चौकटीपासून तुकडे सोडवायला काकूंची धागे कापायची छोटी कात्री, कडा घासायला नखांची कानस, जोड धरून ठेवायला कपडे वाळत घालायचे चिमटे. मेकॅनिकने गॅरेजातला वापरलेला, घासायचा वॉटर पेपर आणि रंगांच्या बुटक्या बाटल्या आणून दिल्या. “पिवळा सोडून कुठलाही रंग दे,” काका म्हणाले होते, “सव्वीस वर्षं पिवळ्यात काढलीत.” म्हणून मी निळी झाले.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे. काका घाईचे माणूस. घड्याळाच्या काट्यावर जगलेले. पण रंगाचा थर वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही, आणि वाळण्याला कोणाचा हॉर्न ऐकू येत नाही. हळूहळू त्यांना थांबणे जमू लागले. एकीकडे यंत्राची घरघर, दुसरीकडे कानशीची कुरकुर, आणि मध्येच दोघांचे बोलणे. इतकी वर्षे संसार करून ती दोघे एका टेबलाशी दिवसभर कधी बसली नव्हती. माझे इंजिन रंगवताना काकांनी दोन दिवस घालवले.

“झाकण लावल्यावर दिसणार का ते?” काकूंनी विचारले.

“नाही.”

“मग कशाला एवढा जीव काढता?”

“मला ठाऊक असेल ना, आत काय आहे ते.”

पण मित्रांनो, त्यांना जे ठाऊक होते, ते हळूहळू मलाही कळू लागले. काम करताना मी त्यांच्या डोळ्यांपासून चार बोटांवर असे. तिथून मला त्यांच्या बाहुल्या दिसत. तापवलेल्या दुधावर साय धरावी तसे त्यांच्यावर काहीतरी धरले होते. तुकड्याशेजारचा आकडा ते वाचत नसत, नखाने चाचपत. काळा आणि गडद निळा यांच्या बाटल्या त्यांनी ठरावीक जागी मांडून ठेवल्या होत्या, आणि झाडताना काकूंनी त्या हलवल्या तर घर डोक्यावर घेत. माझा आरसा खाली पडला, तेव्हा डोळ्यांसमोरच्या फरशीवर तो चमकत असताना त्यांनी तळहाताने सगळी फरशी पुसून काढली.

“अहो, तेवढी सुई ओवून द्या,” काकू म्हणत.

“हात रंगाचे आहेत.”

“काल गोंदाचे होते, परवा आणखी कशाचे. पूर्वी तर मागायच्या आधी ओवून द्यायचात.”

“पूर्वी मी रिकामा असायचो.”

काकू दोरा ओला करून स्वतःच झगडत. मी सगळे पाहत होते. माझ्या तोंडाशी जाळीही होती आणि दिवेही. फक्त वाचा नव्हती.

प्लास्टर निघाले. शाळेतून फोन आला. काका उभे राहून बोलले, “हो साहेब, एकदम ठणठणीत. सोमवारी हजर.” फोन ठेवताना त्यांचा हात टेबलाची कड शोधत होता.

माझे फक्त समोरची काच बसवण्याचे काम उरले होते. मेकॅनिकने गोंदाच्या दोन नळ्या देताना बजावले होते, “काचेला हा संथ वाळणारा वापरा. झटपटवाला चुकूनही नको. त्याची वाफ काचेवर बसते आणि काच कायमची पांढरी पडते.” दोन्ही नळ्या अंगठ्याएवढ्या, एकीवर लाल अक्षरे, दुसरीवर निळी. शुक्रवारी दुपारी काकांनी एक नळी उचलली, खिडकीकडे धरली, जरा तिरकी केली आणि मान हलवली. मला तिच्यावरची लाल अक्षरे स्पष्ट दिसत होती. काच क्षणात घट्ट बसली. अर्धा तास धरून ठेवावी लागेल असे वाटले होते, ते वाचले म्हणून काका स्वतःवरच खूश झाले. धूळ बसू नये म्हणून त्यांनी मला खोक्यात ठेवून वर झाकण लावले. त्या बंद अंधारात वाफ माझ्या काचेवर चढत गेली. मला गुदमरल्यासारखे झाले, पण त्याहून भीती वाटली ती उद्याची.

शनिवारी सकाळी मेकॅनिक आला. काकांनी झाकण उघडले, मला तळहातावर घेतले आणि दोघांसमोर धरले.

“बघ रे न्यायाधीशांचं काम! काच कशी बसलीय? आरपार!”

मेकॅनिक प्रत्येक गोष्टीची थट्टा करणारा माणूस. त्याने माझ्याकडे पाहिले, बहिणीकडे पाहिले आणि तोंड मिटले. काकू यंत्रावरून उठून आल्या.

“काय झालं? बोला की. रंग उडालाय का कुठे?”

“भाऊजी,” मेकॅनिक खालच्या आवाजात म्हणाला, “काचेतून आतलं काय दिसतंय तुम्हाला?”

“काय म्हणजे? स्टिअरिंग, गिअर, दोन सीटं. सगळं मीच तर रंगवलंय!”

“तुम्ही रंगवलंत म्हणून सांगताय,” काकू म्हणाल्या. “अहो, काच पांढरीफटक आहे. पार दुधासारखी. आतलं काहीच दिसत नाही.”

“सकाळी सकाळी चेष्टा नको.”

“बोट लावून बघा.”

काकांनी अंगठा माझ्या काचेवरून फिरवला. काच जिथे गुळगुळीत हवी होती, तिथे त्यांना खरखर लागली. त्यांनी पुन्हा फिरवला, तिसऱ्यांदा फिरवला. डोळ्यांनी जे कबूल केले नव्हते ते अंगठ्याला कबूल करावे लागले.

“गोंद बदलला गेला असेल,” ते पुटपुटले. “त्यात काय एवढं?”

“सोमवारी बस काढणार आहात,” काकू म्हणाल्या.

“सव्वीस वर्षं तोच रस्ता आहे. खड्डा न् खड्डा पाठ आहे मला. डोळे बांधून नेईन.”

“रस्ता पाठ असेल हो. पण रस्त्यात अचानक येणारं पोर कसं पाठ असेल?”

काका खुर्चीत बसले. मग काकूंनीच विचारले, “ती पायरी ओली होती का?”

“कोरडी होती,” काका म्हणाले. “दिसलीच नाही.”

“आणि आणखी काय दिसलं नव्हतं?”

त्यांनी मला टेबलावर उपडे ठेवले, जणू मी ऐकू नये. “पडलो त्याच्या आदल्या आठवड्यात. एका पोरीचं दप्तर दारात अडकलं होतं, ती खाली उभी. मी आरशात बघितलं. रस्ता मोकळा वाटला. गाडी हलवली. मागच्या पोरांनी आरडाओरडा केला म्हणून...” ते थांबले. “दोन पावलं फरफटली असेल. काही झालं नाही तिला. हसत होती.”

“अहो!” एवढेच काकू म्हणाल्या.

“काय सांगायचं होतं मी? सांगितलं की दुसऱ्या दिवशी चावी काढून घेतात. मग मी कोण? घरात बसलेला एक म्हातारा!”

त्यांनी मला उचलले आणि कपाटाच्या माथ्यावर, रिकाम्या डब्यांमागे सरकवून दिले. मेकॅनिक चहा न घेता गेला. शनिवार आणि रविवार त्या घरात यंत्र चालले नाही. कपाटावरून मला फक्त भांड्यांचा आवाज येत होता. मी रागावले नाही. दोष माझा नव्हता, तरी निमित्त मीच झाले होते. आणि माझी काच धड निघाली असती, तर सोमवारी काय झाले असते, हा विचार मला डब्यांमागेही सोडत नव्हता.

सोमवारी सकाळी काकांनी अंघोळ केली आणि खाकी गणवेश चढवला. डब्यांच्या फटीतून मला दिसले, काकू दारात आडव्या उभ्या राहिल्या. आवाज चढवायचा नाही असे त्यांनी ठरवले असावे.

“मी तुम्हाला जाऊ देणार नाही.”

“शाळेत जातोय,” काका म्हणाले. “चालवायला नाही. सांगायला. त्या पोरीचंही सांगणार आहे.” मग जरा थांबून ते म्हणाले, “तू येतेस का बरोबर? ऑफिसपुढे पायऱ्या आहेत. किती आहेत ते मला नीट... हात धरावा लागेल.”

लग्नाला तीस वर्षे झाली होती. हात धर, असे त्यांनी पहिल्यांदा म्हटले असेल, असे काकूंच्या चेहऱ्यावरून मला वाटले. त्यांनी चपला घातल्या.

सगळे गोड झाले, असे मी तुम्हाला सांगणार नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी एका डोळ्याचे ऑपरेशन केले आणि तो उजळला. दुसऱ्या डोळ्यात नुसता मोतीबिंदू नव्हता. आतल्या दाबाने त्याची नस सुकली होती. “दोन वर्षं आधी आला असतात तर,” एवढे बोलून त्यांनी पुढचे वाक्य सोडून दिले. बस दुसऱ्या माणसाच्या हाती गेली. त्या मुलीच्या घरी काका स्वतः जाऊन आले. तिथे त्यांना कोणी बसायला सांगितले नाही. अजूनही पहाटे ठरलेल्या वेळेला त्यांना जाग येते आणि पांघरुणाखाली त्यांचा उजवा पाय नकळत ब्रेक दाबतो. मी कपाटाच्या माथ्यावरून ते पाहते. डबे काकूंनी केव्हाच हलवले आहेत. मेकॅनिकने माझ्यासाठी नवी काच शोधून देतो म्हटले होते, पण काका नको म्हणाले. का, ते त्यांनी सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही.

मित्रांनो, निर्जीव वस्तूंना बोलता येत नाही, ही आमची मोठी अडचण आहे. मी लाल अक्षरे पाहिली होती, पण सांगू शकले नाही. तुमचे तसे नाही. तुमच्या घरातले एखादे माणूस वर्तमानपत्र न वाचताच घडी करून ठेवत असेल, जिना उतरताना भिंतीवरून हात सरकवत असेल, समोरून आलेल्याला आवाज ऐकल्यावरच ओळखत असेल, तर त्याला हसू नका आणि “वय झालं” म्हणून सोडूनही देऊ नका. त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, “तुम्हाला नीट दिसतंय ना?” तो पहिल्यांदा हो म्हणेल. दुसऱ्यांदाही हो म्हणेल, कदाचित चिडेलही. तिसऱ्यांदा विचारा. डॉक्टरांकडे जाताना त्याला एकटे पाठवू नका. आणि हा प्रश्न उद्या कोणी तुम्हालाच विचारला, तर खरे उत्तर द्या. त्या उत्तरावर कोणाचे तरी मूल सुखरूप घरी पोचायचे असते.