अंगाबरोबर बेतलेला रकाना

मी एक रकाना. ग्रंथालयाच्या संगणकात राहतो. जन्मलो त्याच दिवशी मी नेम धरला होता, की जे माझ्या ओटीत घातलं जाईल ते जसंच्या तसं परत करायचं.

माझ्या ओटीत पडतो प्रबंधाचा कायमचा क्रमांक. प्रबंध कुठेही हलवा, क्रमांक तोच राहतो. तो दाबला की नेमका तोच प्रबंध उघडतो.

मला घडवणाऱ्या संगणकवाल्याला सगळे घाईराव म्हणत. त्यांनी तेव्हाचा सर्वांत लांब क्रमांक मोजला आणि मला तेवढंच रुंद केलं. त्याहून लांब काही आलं तर निमूटपणे शेपूट कापायची, असंही ठरवून टाकलं. उगाच कटकट नको म्हणाले.

पुढे आणखी एक महाविद्यालय आमच्यात सामील झालं. त्यांचे क्रमांक लांबलचक, सुरुवात सगळ्यांची सारखी आणि वेगळेपण शेवटच्या आकड्यांत. नेमका शेवटच माझ्याबाहेर राहिला आणि कापलेले क्रमांक एकसारखे झाले. माझा नेम मोडला आणि कुणाला कळलंही नाही.

मग एके दिवशी त्या महाविद्यालयातली एक मुलगी आली. नोकरीच्या मुलाखतीत तिचा प्रबंध आमच्याकडून उघडला, तर निघाला कोंबड्यांच्या रोगांवरचा, कुणा भलत्याचाच. संध्याकाळपर्यंत खरा दाखवा, नाहीतर जागा दुसऱ्याला, असं तिला सांगितलं होतं.

ग्रंथपालबाईंनी छापील प्रत काढली. तिच्यावरचा क्रमांक लांब, पडद्यावरचा आखूड. घाईरावांना बोलावणं गेलं. "मी तर मापात तसूभर चूक केली नाही," असं ते सांगत राहिले.

"अहो, वाढत्या पोराचा सदरा कुणी अंगाबरोबर बेततं का? शिवणीत माया ठेवतात," बाई म्हणाल्या.

घाईरावांनी हे क्रमांक देण्याचा नियम उघडून पाहिला. क्रमांकाच्या लांबीला मर्यादाच नव्हती. ते लगेच कामाला लागले. मला ऐसपैस केलं. यापुढे काही मावलं नाही तर कापू नकोस, सरळ ओरड, असंही शिकवलं. मग त्या महाविद्यालयाकडून सगळे क्रमांक पुन्हा मागवून माझ्यात भरले.

मुलीने क्रमांक दाबला.

"माझाच आहे," ती म्हणाली आणि तिथूनच तो मुलाखत घेणाऱ्यांना पाठवला. दिवस मावळायच्या आत तिला नोकरी पक्की झाल्याचा फोन आला. बाईंनी डोळे मिटून हात जोडले.

आता माझा निम्मा भाग रिकामा असतो, आणि देवाशपथ, फार बरं वाटतं. तुमच्याकडेही कुणी काही विश्वासाने सोपवत असेल. ते अख्खं परत करायचा नेम तुम्हीही धरा. आणि बाबांनो, आधी जागा मोकळी ठेवा. नुसत्या नेमाने काही मावत नाही.