ऐनावरचं मडकं

भाताच्या रोपासाठी पाला जाळून राब भाजायचा होता आणि फांद्यांचा टहाळ कमी पडला, म्हणून मनुबाई शेवटी बांधावरच्या ऐनावर चढली. त्या झाडाला कोयता लावायचा नाही, तिथं देवचार आहे, असं तिच्या दिरानं, दादूनं, बजावून ठेवलं होतं. दादू तळा गावच्या बाजाराला गेलेला. एकुलता पोरगा गेला, आता देवचार माझं आणखी काय नेणार, असं म्हणून ती चढली.

वरच्या बेचक्यात एक मडकं होतं. तोंडाला फडकं आणि त्यावर तिच्याच हिरव्या लुगड्याचा काठ आवळलेला. ती गाठ तिनं स्वतः मारली होती, गेल्या साली, पोराच्या, सदाच्या अस्थींवर. झाडावरून खाली कशी उतरली ते तिचं तिला कळलं नाही.

वर्षभर ही बाई एका गोष्टीवर जगली होती. हाताशी आलेला सदा हिवतापानं गेला तेव्हा तिनं अन्न सोडलं. दादू अस्थी घेऊन हरिहरेश्वरला गेला, येताना प्रसादाचा नारळ घेऊन आला आणि म्हणाला, "वयनी, पान्यात सोडलं तवा समिंदर निवांत झाला. येक बारीक लाट आली नि सदाला हलकंच घेऊन गेली." त्या दिवशी ती जेवली. पुढं जीव कासावीस झाला की म्हणायची, "भावजी, परत सांगा." आणि तो मेला दर वेळी रंगवून सांगायचा.

दादू बाजारातून आला तर अंगणातल्या पेरूला मडकं टांगलेलं.

"तवा मुरूडला सासुरवाडीलाच थांबलो," तो मान खाली घालून बोलला. "म्हटलं, मंग जाऊ. मंग कापणी आली. तुमी जेवाया लागल्या व्हत्या, वयनी. खरं सांगून परत उपाशी मारू काय?"

"आन् नारळ?"

"मुरूडचाच."

मनुबाई रडली नाही. तिला इतका संताप आला होता की रडू सुचेना. पोरगा एकदा गेला होता, आज दिरानं तो पुन्हा नेला.

उजाडताच मडकं घेऊन ती खाडीवर गेली. करमअलीचा मचवा दिघीला निघाला होता.

"एकल्याच, बाई?"

"न्हाय. पोर हाय संगं."

करमअलीनं मडकं पाहिलं आणि डोक्यावरची टोपी सारखी केली. "हितं बसा. हितं पानी उडत न्हाय."

दिघीपासून ती चालत निघाली. श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाड्यांमधून जाताना कोणी ना कोणी विचारी, कोणाचं? ती सांगे, "माज्या सदाचं." वर्षभर ते नाव तिनं मोठ्यानं घेतलं नव्हतं. सांगता सांगता ते घशात अडकेनासं झालं.

हरिहरेश्वरला समुद्र खवळलेला. पुजारी म्हणाला, बाईमाणसानं अस्थी सोडायच्या नसतात.

"बाप्यामाणसानं सोडल्या व्हत्या," ती म्हणाली, "त्या झाडावर गावल्या."

पुजारी बाजूला झाला. तिनं काठाच्या पाण्यात मडकं रिकामं केलं, तर पहिल्या लाटेनं अस्थी परत तिच्या पायांवर आणून टाकल्या. तिनं वेचल्या, कमरेइतक्या पाण्यात गेली आणि देवाचं नाव घेऊन मूठ उघडली. समुद्रानं हिसकावूनच नेल्या. तिथं ती मोकळ्यानं रडली, आणि वर आली तेव्हा तिला भूक लागली होती.

घरी पोचली तर दादू पाय धुवायला पाणी घेऊन उभा.

"वयनी, कसं झालं?"

मनुबाईनं सावकाश पाय धुतले.

"तुमीच सांगा, भावजी," ती म्हणाली. "तुमी तर बघून आलेत."

मग कोयता घेऊन ती ऐनाकडं निघाली. राब अजून अर्धाच झाला होता.