हेमराज मास्तरांचा युरोप

"हेमराजभाई, तुमच्या बॅगेत छुंदो राहील ने?"

छगनभाई दारातच उभे होते. हातात कैरीच्या गोड लोणच्याची बरणी, तान्ह्या पोराला धरावी तशी धरलेली. मागे त्यांची बायको मंगळाबेन, खाखऱ्यांचा डबा घेऊन. हिऱ्यांची दलाली करणारा हा गडी बाजारात कुणाच्या बापाला भीत नसे, पण युरोपात पंधरा दिवस लोणच्याशिवाय काढायच्या कल्पनेनं त्याचं अवसान पार गळालं होतं.

"राहील की," हेमराज मास्तर म्हणाले. "आत तर या."

"तुम्ही एकला माणूस. तुमचा सामान तो किती? दोन शर्ट ने एक स्वेटर! आमच्या बॅगा तो आत्ताच फुल थई गया."

एकटा जीव सदाशिव! सुरतेच्या कतारगाम भागातल्या त्या इमारतीत मास्तरांबद्दल एवढं सगळ्यांना ठाऊक होतं; त्यापलीकडे कुणी चौकशी केली नव्हती. आता विमानात माणशी ठरावीक वजनच नेता येतं म्हटल्यावर त्यांचं एकटेपण एकदम कामाचं झालं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. पलसाण्याच्या एका प्रोसेस हाउसात, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, ते कलर मास्तर होते. शिरपूरकडून मिसरूड फुटायच्या वयात सुरतेला आले आणि रंगाच्या भट्ट्यांपाशी जन्म गेला. मालकानं साडीचा तुकडा पुढे टाकावा आणि मास्तरांनी तोच रंग कापडावर उतरवावा. लग्न झालं होतं. शोभाबाई दुसऱ्याच वर्षी काविळीनं गेली. पुन्हा लग्नाचं 'बघू, बघू' म्हणता म्हणता केस पिकले आणि विचारणारी माणसंही एकेक करून गेली.

आता त्यांना युरोपचं वेड कुठून लागलं? तर एका कॅलेंडरवरून. रंग विकणारी एक परदेशी कंपनी प्रोसेस हाउसला दरसाल कॅलेंडर पाठवी. एका वर्षी ऑक्टोबरच्या पानावर झाडं आली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, अंगभर पिवळी, मधूनच तांबडी, आणि खाली पानांचा खच. मास्तरांनी तो पिवळा जॉर्जेटवर उतरवून पाहिला. कधी हळद सांडल्यासारखा दिसे, कधी गंजल्यासारखा. छपाईत चलाखी केली असेल म्हणावं, तर रंगच विकणारी कंपनी खोटा रंग कशाला छापेल? वर्ष सरलं तरी ते पान भिंतीवरच राहिलं.

हाताखालचा सुकदेव डिंडोलीहून येई. गावाकडचाच, म्हणून दोघं अहिराणीतच बोलत.

"मास्तर, तठे कसाले जाई ऱ्हायनात?" त्यानं विचारलं होतं.

"पानं दखाले."

"पानं? आपला लिंबले बी पानं शेतस ना!"

"लिंबनं पान झडस, पण असं पेटस का रे?"

सुकदेवनं कपाळाला हात लावला होता. पण हौसेला मोल नसतं. मे महिन्यात मास्तर निवृत्त झाले आणि त्याच सुमारास छगनभाईंनी टूर काढली. प्लेगच्या साथीनंतर सुरतेत पैसा पुन्हा खेळू लागला होता आणि हिरेवाल्यांना जग बघायची घाई झाली होती. इमारतीतली चार कुटुंबं निघाली. दिवाळीत हिऱ्यांचे कारखाने बंद, म्हणून त्यांना ऑक्टोबर सोयीचा. मास्तरांना ऑक्टोबरच हवा होता. त्यांनी नाव दिलं तेव्हा छगनभाईंनी, "तुम्ही?" असं दोनदा विचारलं.

तयारी मात्र मास्तरांइतकी कुणाचीच नव्हती. गरम कपडे विकणारे तिबेटी सुरतेत थंडीतच येतात, म्हणून त्यांनी नुसतं मनात आलं होतं तेव्हाच, जानेवारीत, स्वेटर घेऊन ठेवला होता. लोकरी मोजे घालून ते भर उन्हाळ्यात घरात फिरत आणि घामाघूम होत. दर रविवारी गच्चीवर टूरची बैठक भरे. कुणी काय न्यायचं, कुकर कुणाचा, चहाचा मसाला कुणाचा, यावर असा खल चाले की वाटावं, लग्नाचं वऱ्हाड निघालंय. मास्तर कठड्याला टेकून ऐकत आणि विचारलं तर तेवढं बोलत.

छुंद्यानंतर रांगच लागली. कुणी सुखडी आणली, कुणी लसणाची चटणी. तिसऱ्या मजल्यावरच्या छायाबेन नानखटाईचा डबा घेऊन आल्या आणि बसल्याच. मास्तरांनी खुर्चीवरचे इस्त्रीचे कपडे घाईघाईनं उचलले.

"काका, तिकडे गेल्यावर तरी सासूबाई मला पाच मिनिटं एकटी सोडतील का हो?" त्या हसत म्हणाल्या. "तुमचं बरं आहे. शांती!"

मास्तरही हसले. त्यांनी आलं घालून चहा केला. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन ते सहा नवे कप घेऊन आले. खरं सांगायचं तर, पानांचं वेड होतंच, पण त्या पावसाळ्यात त्यांना दुसरंच सुख लागलं होतं. बेल वाजत होती. लोक त्यांना हेमराजकाका म्हणत होते. बसमध्ये छायाबेनच्या पोराला खिडकी द्यायची आणि पलीकडच्या सीटवर आपण बसायचं, इथपर्यंत त्यांनी मनात ठरवून टाकलं होतं. बॅगेत त्यांचा स्वतःचा स्वेटर शेवटी मावेना, तेव्हा तो अंगात घालून जायचं त्यांनी आनंदानं कबूल केलं.

"व्हिसा तो फॉर्मॅलिटी छे," छगनभाई म्हणत. कुटुंबांचे पासपोर्ट गठ्ठ्यानं गेले आणि शिक्के मारून आले. मास्तरांना मात्र मुंबईला वकिलातीत बोलावणं आलं.

काचेपलीकडे गोरा साहेब होता. शेजारी दुभाषी बाई, मराठी.

"घरी कोण कोण असतं?" बाईंनी विचारलं.

"मीच."

"मिसेस?"

"वारल्या."

"मुलंबाळं?"

"नाहीत."

"नोकरी?"

"निवृत्त झालो मे महिन्यात."

साहेब काहीतरी बोलला. बाई जरा घुटमळल्या. मग खाली बघत म्हणाल्या, "साहेब विचारतायत, तुम्ही परत कशासाठी याल?"

मास्तरांनी तोंड उघडलं. जायचं कशासाठी, हे कुणी विचारलं असतं तर ते तासभर बोलले असते. मोजे, बूट, झाडांची नावं, सगळं पाठ होतं. परत यायचं कारण त्यांनी पाठ केलं नव्हतं.

"घर आहे माझं," ते म्हणाले.

"घरात कुणी वाट बघणार आहे का, असं म्हणतायत ते."

साहेब वाईट नव्हता. त्यानं थोडा वेळ थांबून पाहिलं, मग पासपोर्ट खिडकीतून परत सरकवला.

सुरतेला येताना गाडीत मास्तरांना एकेक उत्तर सुचत गेलं. सुकदेवच्या पोरीचं लग्न ठरतंय. सकाळी नळाला पाणी येतं, ते भरायचं असतं. कोणतंही सांगितलं असतं तरी साहेब हसला असता, हे त्यांनाही कळत होतं. व्हिसा गेल्याचं दुःख होतंच. त्याहून जास्त लागलं ते हे, की साध्या प्रश्नाला आपल्याला उत्तर आलं नाही.

"अरे, बोलून द्यायचं ने, घरवाळी छे!" छगनभाई हळहळले. "कोण बघायला येणार होतं?"

"नसलेली बायको कुठून आणू, छगनभाई?"

छगनभाईंना खरंच वाईट वाटलं होतं. ते बराच वेळ बसले, एकदा डोळेही पुसले. पण तारीख जवळ आली होती. उठताना ते अडखळत म्हणाले, "ते... छुंदो..."

मग सगळेच आले. ज्या क्रमानं डबे आत गेले, त्याच्या उलट्या क्रमानं बाहेर निघाले. प्रत्येक जण "सॉरी हां, काका" म्हणे आणि डबा छातीशी धरून जिना उतरे. छायाबेननी नानखटाईचा अर्धा डबा मास्तरांसाठी काढून ठेवला. ते नको म्हणाले, तर त्यांना रडू आलं. मास्तरांनीच त्यांची समजूत घातली.

शेवटी मंगळाबेन आल्या, किल्ली घेऊन.

"भाई, दिवाळीत उंबरा अंधारात नाही ठेवायचा. तुम्ही दिवो मुकशो? दिवा लावाल ने?"

मास्तरांनी किल्ली घेतली. त्यांचं पाहून बाकीच्यांनीही दिल्या. इमारतीतली उरलेली कुटुंबं दिवाळीला सौराष्ट्रात आपापल्या गावी निघाली होती, त्यांनीही दिल्या. धनत्रयोदशीपर्यंत सगळी इमारत रिकामी झाली. गल्लीही रिकामी झाली. दिवाळीत अर्धं सुरत गावाला जातं.

रोज तिन्हीसांजेला मास्तर तेलाची बाटली आणि वाती घेऊन वरच्या मजल्यापासून सुरुवात करत. प्रत्येक दाराशी दोन पणत्या. तुळशीला पाणी. छायाबेनच्या सासूबाईंच्या देवापुढे उदबत्ती, कारण त्यांनी बजावून सांगितलं होतं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्यांनी सगळ्या घरांतले दिवे लावून ठेवले. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं, घरोघरी माणसं जेवायला बसलीत. ते स्वतः खाली उतरून समोरच्या फुटपाथवर उभे राहिले आणि बघत राहिले. मग गार झालेली खिचडी खायला वर आले.

पाडव्याला, गुजराती नव्या वर्षाच्या पहाटे, गल्लीत हाक आली, "सबरस ल्यो, सबरस!"

गुजरातेत त्या दिवशी पहिली खरेदी मिठाची असते. मीठ विकणारी म्हातारी पाटी घेऊन दारोदार फिरते आणि घरातल्या बाया पहिलं चिमूटभर मीठ घेऊन वर्ष सुरू करतात. म्हातारीनं दोनदा हाक मारली. एकही खिडकी उघडली नाही. मास्तर पायऱ्या उतरून खाली आले.

"सगळ्या घरांचं दे, मासी," ते म्हणाले.

म्हातारीनं वर बघितलं. "बधां क्यां गया?"

"कुणी गावी, कुणी युरोपला. फिरायला."

"ने तमे? नथी गया?"

"सगळेच गेले तर घरं कोण सांभाळणार?"

"साचुं," म्हातारी म्हणाली. तिनं मास्तरांच्या ओंजळीत मीठ घातलं, मग आणखी घातलं, खाली सांडेपर्यंत. "साल मुबारक, भाई."

"साल मुबारक, मासी."

मास्तर ओंजळ सांभाळत एकेक पायरी चढून आपल्या दाराशी आले. उतरताना दार मागे लागून गेलं होतं. दोन्ही हात मिठानं भरलेले, किल्ल्यांचा जुडगा खिशात. ते तसेच उभे राहिले, घरी आलेला माणूस आतून कुणी उघडेल म्हणून जसा थांबतो तसे. मग त्यांनाच आपलं हसू आलं. ते खाली बसले, सदऱ्याचा घोळ मांडीवर पसरला, त्यात सगळं मीठ ओतलं, आणि हात झटकून खिशातून किल्ली काढली.